वारे बाहेर, हवा आत

वैशाखातली दुपार. सकाळपासून गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले. दोन वाजेपर्यंत लातुरात अंगाची नुसती लाही लाही होत असते. चारच्या सुमाराला आभाळाचा एक कोपरा काळवंडतो, रस्त्यावरची धूळ गोल गोल फिरू लागते आणि जिन्यावरून सासूबाईंची हाक येते, "अगं, वारं येऊलालंय! वाळवणं राहू दे, आधी पोरांना आत घे!"

वाळवणे निम्मी हाती लागतात, निम्मी उडतात. वीज जाते. सारे घर आतल्या खोलीत गोळा होते. दाराला कडी, खिडकीला खिटी. बाहेर कुणाच्या तरी पत्र्यांचा धडधड आवाज, मग गारांचा मारा. पंखा बंद. दहा मिनिटांत सगळे घामाने निथळतात. तान्हे बाळ किरकिरू लागते, दम्याच्या आजोबांना खोकल्याची ढास लागते. मग कुणीतरी म्हणते, "जरा खिडकीला फट करा गं, जीव घाबरा होतोय." फट केली, की पुढच्याच झोताला खिडकीचे दार हातातून निसटून भिंतीवर आपटते आणि काचांचा सडा खोलीभर पडतो. नेमका तिथेच, जिथे मुले बसलेली असतात.

लातूर-नांदेडकडच्या किती घरांतून दर उन्हाळ्यात हा प्रसंग घडतो ते आपल्यालाच ठाऊक. म्हणून आज एका साध्या, पण घर बांधताना हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टीविषयी बोलू या. वादळात ज्या खोलीत आपण जीव मुठीत धरून बसतो, त्या खोलीने श्वास कुठून घ्यायचा? तिला कसली झडप बसवायची?

झडप म्हणजे इथे मी तिरक्या पट्ट्यांची चौकट म्हणते आहे. न्हाणीघराच्या वरच्या खिडकीला एकाखाली एक अशा पट्ट्या असतात, तीच जात. दुकानदार आणि फॅब्रिकेशनवाले तिला लूव्हर म्हणतात. हवा यावी पण पाऊस येऊ नये, एवढेच तिचे काम असे आपण समजतो. वादळाच्या खोलीत मात्र तिच्याकडून आणखी बऱ्याच अपेक्षा असतात.

जुन्या घराला हे माहीत होते

आपल्या आजीच्या माळवदाच्या घरात खिडक्या फार नसत. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खणांवर मातीचा जाड थर. पण छताला एक झरोका असे, कुणी त्याला साणं म्हणत, कुणी सवणं. चुलीचा धूर तिथून जाई, उजेडाचा कवडसा तिथून येई, आणि पावसाचे चिन्ह दिसले की त्यावर काहीतरी झाकण पडे. दाराच्या फटीतून खालून गार हवा यायची, तापलेली हवा वरच्या साण्यातून निघून जायची. घर श्वास घेत असे. वाऱ्याला त्या घराचे काहीच वाकडे करता येत नसे, कारण त्या छताचे वजनच एवढे!

आणि तेच वजन एके पहाटे काळ ठरले. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे आपापल्या घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दुपदरी दगडी भिंती फुगून फुटल्या आणि वरची माती खाली आली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली.

त्या धक्क्यानंतर आपल्याकडच्या माणसांनी दगडी घराची धास्ती घेतली. कित्येक वर्षे लोक चांगल्या घरात झोपायला तयार नव्हते, अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपत. "पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतं," हे वाक्य त्या भागात घरोघरी ऐकू यायचे. त्यात चूक काहीच नव्हती. भूकंपात हलके छप्पर बरेच. पण भूकंपात तारणारा हलका पत्रा वादळात मात्र आधी उडतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीचा कहर झाला, त्यात मराठवाड्याने उभी पिके गमावली आणि छपरेही. म्हणजे आपल्याला दोन्हींचा विचार करायचा आहे, भूकंपाचा आणि वाऱ्याचाही. सबंध घर तसे बांधणे परवडत नसेल, तर निदान एक खोली तरी.

ही खोली कोणती?

झडपेकडे वळण्याआधी खोलीचे नक्की करू. झडप कितीही चांगली असली तरी पत्र्याच्या छपराखाली ती काही वादळापासून वाचवणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते.

वादळाची खोली घराच्या मध्याकडची असावी, लहान असावी, दहा बाय दहाची पुरे. डोक्यावर लोखंडी सळ्या घातलेला सिमेंटचा स्लॅब हवा. भिंतीत चारही बाजूंनी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा फिरवलेला हवा. किल्लारीनंतर याच पट्ट्याचा आग्रह धरला गेला, आणि तो वादळातही भिंतींना बांधून ठेवतो. मोठी खिडकी नको. छतावर नेमकी तिच्यावर पाण्याची टाकी नको. गॅसची टाकी आत नको. आणि एक दार असे हवे, की ते आतून घट्ट लागेल.

तुमचे सारे घर पत्र्याचे असेल, तर आभाळ भरून येताच शेजारच्या स्लॅबच्या घरात, शाळेत किंवा समाजमंदिरात जायचे आधीच ठरवून ठेवा. त्यात कमीपणा कसला? आणि हो, पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवण्याची जी आपल्याकडची सवय आहे ना, ती सोडा. वारा पत्रा उचलतो तेव्हा तो दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. पत्रा हुकाच्या बोल्टने कैचीला आवळलेला हवा, दगडाने दाबलेला नव्हे.

वाऱ्याचा हिशेब

आता थोडा हिशेब. घाबरू नका, भाजीच्या हिशेबाइतकाच सोपा आहे.

वारा भिंतीवर किंवा खिडकीवर जो जोर लावतो, तो वेगाच्या दुपटीला चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाइतका पडतो. वेग १२० झाला की तोच दाब सुमारे ६८ किलो. तीन फूट बाय चार फुटांची आपली नेहमीची खिडकी घ्या. १२०च्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे ७५ किलोंचा रेटा असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस तिच्यावर अंग टाकून उभा आहे असे समजा. पण नऊ इंच बाय नऊ इंचाचा झरोका असेल, तर त्याच वाऱ्याचा त्यावरचा जोर जेमतेम साडेतीन किलो! वादळाच्या खोलीला मोठ्या खिडकीऐवजी लहान झरोके का म्हणतात, ते इथे कळते.

आता एक समजूत. पुष्कळ जाणती माणसे सांगतात, "वादळात एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि घर फुटत नाही." हे चूक आहे बरं का! वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी उघडी राहिली, की वारा आत शिरतो आणि घर फुग्यासारखे आतून फुगवतो. छपरावरून वाहणारा वारा छपराला वर ओढतच असतो. त्यात खालून हा रेटा मिळाला, की पत्रे पानासारखे उडतात. म्हणून वादळात खिडक्या-दारे बंदच हवीत. हवा यायची ती लहान, पक्क्या, ठरवून ठेवलेल्या झरोक्यांतून.

हवा किती लागते?

"मग झरोके तरी कशाला? तास-दोन तासांचा प्रश्न. सगळे बंद करून बसावे," असे वाटेल. त्याचाही हिशेब करून पाहू.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सहा माणसे स्वस्थ बसली आहेत आणि कुठूनही हवा येत नाही, असे धरा. एका तासात त्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दसपट होतो, दोन तासांत वीसपटीच्या आसपास. यात माणूस दगावत नाही, पण डोके जड होते, कोंदट वाटते, उकाडा आणि घाम असह्य होतो. तान्ही बाळे, बाळंतीण, दम्याचे आणि हृदयाचे रोगी यांचे हाल होतात. आणि खरा धोका यापुढचा आहे. जीव कासावीस झाला की माणूस दार उघडतो, आणि ते नेमके वाऱ्याच्या जोरात.

त्याहून मोठा धोका शेगडीचा. वीज गेली, गारवा आला, म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी, स्टोव्ह किंवा चूल पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि ती गुंगी उतरत नाही. जनरेटर घरात किंवा झरोक्याशेजारी ठेवला तरी तेच. तेव्हा ही गोष्ट मनावर कोरून ठेवा: झडप कितीही चांगली असो, वादळाच्या खोलीत विस्तव पेटवायचा नाही. उजेडाला बॅटरी. बाळाचे दूध, चहा आधीच थर्मासमध्ये भरून घ्यायचा.

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला नऊ इंच बाय नऊ इंचाचे दोन झरोके घरच्या माणसांसाठी पुरतात. मात्र ते दोन हवेत, एक खाली आणि एक वर, आणि वेगवेगळ्या भिंतींत. आजीच्या साण्याचेच तत्त्व. खालच्या झरोक्यातून गार हवा येते, माणसांच्या अंगाने तापलेली हवा वरच्यातून जाते. एकच झरोका ठेवला तर हवा खेळत नाही, तिथल्या तिथे घोटाळते. दोन वेगळ्या भिंती यासाठी, की आपल्याकडचा वळवाचा वारा घटकेत दिशा बदलतो. शक्य असेल तर एक झरोका पडवीच्या किंवा जिन्याच्या बाजूला, आडोशाला काढावा.

खालचा झरोका जमिनीलगत नको, गुडघ्याइतक्या उंचीवर असू द्या. नाहीतर अंगणात तुंबलेले पाणी, विंचू आणि साप, सारेच पाहुणे आत येतात.

झडप कोणती घ्यावी?

बाजारात गेलात की दुकानदार चार तऱ्हा दाखवील. एकेकीचा गुणदोष सांगते.

*काचेच्या पट्ट्यांची झडप.* दिसायला छान, उजेड येतो, दांडा फिरवला की उघडते-मिटते. न्हाणीघराला ठीक. वादळाच्या खोलीला मुळीच नको. काचेची पट्टी दोन्ही टोकांना पातळ पत्र्याच्या चिमट्यात नुसती अडकवलेली असते. गारा लागल्या की फुटते, वाऱ्याने थरथरली की निसटते.

*प्लॅस्टिकची आणि पातळ ॲल्युमिनियमची.* हलकी, स्वस्त, गंजत नाही. पण आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक तीन-चार उन्हाळ्यांत ठिसूळ होते, बोटाने दाबले तरी कडकन मोडते. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाऱ्यात वाजतात आणि वाकतात. सावलीतल्या आतल्या भिंतीला चालतील, बाहेरच्या भिंतीला नकोत.

*लाकडी फळ्यांची.* जुन्या वाड्यांतून दिसते ती. सागाची असेल आणि सुतार चांगला असेल तर पिढ्यान् पिढ्या टिकते. पण पावसात फुगते, वाळवीची भीती असते आणि आता चांगला साग घेणे सोन्याच्या भावात पडते. घ्यायचीच तर मागे लोखंडी गज हवेत.

*सिमेंटची जाळी.* सर्वांत स्वस्त, गावातच मिळते, गंज नाही की वाळवी नाही. दोष एवढाच, की तिची भोके सरळ आरपार असतात. पाऊस, गारा, धूळ, सारे सरळ आत. जाळीच बसवायची असेल तर तिच्यासमोर बाहेरच्या अंगाने, वीतभर अंतर सोडून, एक लहानशी आडभिंत गवंड्याकडून बांधून घ्या. ती झरोक्याहून चारही बाजूंनी वीतभर मोठी हवी. हवा वळून येते, गार सरळ येते ती अडते. हातात पैसे कमी असतील तर मी हाच उपाय सुचवीन.

*लोखंडी पट्ट्यांची, वेल्डिंग केलेली, न हलणारी झडप.* वादळाच्या खोलीला ही सर्वांत उत्तम. तयार मिळाली नाही तरी काही बिघडत नाही. खिडक्यांचे ग्रिल करणारा आपल्याच गल्लीतला फॅब्रिकेशनवाला ती एका दिवसात करून देईल. त्याला एवढेच सांगायचे: अँगलची चौकट, तीन मिलिमीटर जाडीच्या, दोन इंच रुंदीच्या पट्ट्या, ४५ अंशांत बाहेरच्या बाजूला उतरत्या, दोन पट्ट्यांतले अंतर एक इंच, दोन्ही टोकांना पक्के वेल्डिंग. एवढ्या मापाने वरची पट्टी खालच्या पट्टीला झाकते, समोरून पाहिले तर आरपार दिसत नाही. प्रत्येक पट्टीची आतली कड अर्धा इंच वर वळवून घ्या. जोराचा पाऊस तिरक्या पट्टीवरून वर चढतो, तो त्या कडेला अडून परत बाहेर पडतो. पट्टी घराच्या छपरासारखी मधोमध दुमडलेली मिळाली तर आणखी चांगले. मग बाहेरून उडून आलेल्या वस्तूलाही सरळ वाट राहत नाही. रंगाआधी रेड ऑक्साइडचा हात दोन वेळा.

"न हलणारी" यावर माझा भर आहे. उघडझाप करणारी प्रत्येक वस्तू वादळात पहिल्यांदा निखळते. थंडीत हवा कमी करावीशी वाटली, तर आतल्या बाजूला एक सरकता पत्रा बसवा, पण तो असा की झरोका पुरता कधीच बंद होणार नाही, चार बोटे मोकळी राहतीलच.

आणि घरात जुन्या एक्झॉस्ट पंख्याचे भोक असेल तर तेही विसरू नका. त्याच्या पातळ फडफडणाऱ्या पट्ट्या वाऱ्यापुढे अजिबात टिकत नाहीत. तिथेही वर सांगितलेली लोखंडी झडप किंवा आडभिंत हवीच.

लांबच्या देशातली एक गोष्ट

अमेरिकेत ओक्लाहोमा, टेक्सास या राज्यांतून चक्री वादळांचा दरवर्षीचा फेरा असतो. आपल्याकडची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त टेक्सासात राहतात, त्यांना त्या भोंग्यांची सवय होऊन जाते. ओक्लाहोमातल्या मूर या गावाला ३ मे १९९९ रोजी आणि पुन्हा २० मे २०१३ रोजी अतिभयंकर वादळाने तडाखा दिला. तिथल्या सरकारच्या फेमा या संस्थेने १९९८ साली घरातल्या घरात वादळाची खोली कशी बांधावी याची पुस्तिकाच काढली. तिथल्या खोलीच्या भिंती आणि दारे तपासताना पावणेसात किलोंचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने त्यांच्यावर फेकतात. भिंत भेदली गेली नाही तर ती पास! आणि त्या खोलीच्या हवेच्या झरोक्यालाही तसेच संरक्षण असावे लागते, समोर पोलादी आडपडदा वगैरे. कारण साधे आहे. भिंत कितीही भक्कम केली, तरी तिच्यात आपणच पाडलेले भोक ही तिची सर्वांत दुबळी जागा.

आपल्याकडे तेवढे भीषण वादळ येत नाही. पण कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या घरांची छपरे कशी उचलली ते आपण पाहिलेच. मराठवाड्यात उडून येणाऱ्या वस्तू म्हणजे शेजारचा पत्रा, झाडाची फांदी, कौलाचा तुकडा आणि गारा. त्यांच्यासाठी वर सांगितलेली लोखंडी झडप आणि वीतभर अंतरावरची आडभिंत पुरेशी आहे.

बसवताना काय पाहावे?

नवे घर बांधत असाल तर झरोक्याची जागा नकाशातच दाखवून घ्या. जुन्या भिंतीत पाडायचा असेल तर जपून. भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब राहा. काँक्रीटच्या पट्ट्याला किंवा तुळईला हात लावू देऊ नका, वरचा झरोका पट्ट्याच्या खालीच हवा. दगडमातीची जुनी भिंत असेल तर जाणकार इंजिनियरला दाखवल्याशिवाय तिला भोक पाडूच नये, एक दगड काढता काढता चार निसटतात. किल्लारीच्या भूमीत हे वेगळे सांगायला नको.

चौकट भिंतीत नुसती सिमेंटने चिकटवू नका. चारही बाजूंना लोखंडी पकडी वेल्ड करून त्या भिंतीत निदान चार इंच आत गाडाव्यात. गवंडी म्हणेल, "ताई, एवढ्याशा झरोक्याला कशाला एवढं? दोन खिळं मारून देतो की." तेव्हा त्याला चहा द्या, आणि पकडीच बसवून घ्या.

जाळीचे दोन थर असावेत. बाहेर पाव इंची भोकांची जाड तारेची जाळी, उंदीर-सापांसाठी. आत मच्छरजाळी, पण ती काढता येईल अशा चौकटीत. कारण आपल्याकडची धूळ! वर्षभरात मच्छरजाळी धुळीने लिंपून जाते आणि झरोका असून नसल्यासारखा होतो. संक्रांत झाली की एकदा आणि मृगाच्या आधी एकदा ती काढून साबणाने धुवावी. त्याच वेळी लोखंडाला कुठे गंज आहे का ते बघावे.

घरच्या घरी चार परीक्षा

झडप बसली, मिस्त्री पैसे मागायला उभा आहे. त्याला जरा थांबवा आणि या चार परीक्षा घ्या.

एक, उजेडाची. खोलीचे दार लावून झडपेसमोर उभ्या राहा. उजेड दिसावा, आभाळ दिसू नये.

दोन, हाताची. पट्टी दोन्ही हातांनी धरून जोराने हलवा. खडखड आवाज आला तर वेल्डिंग कच्चे.

तीन, पाण्याची. आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि बाहेरून मुलाला बादलीतले पाणी तांब्याने जोराने झडपेवर मारायला सांगा. मुले हे काम फार आनंदाने करतात! कागदावर चार थेंब चालतील, ओघळ चालणार नाही.

चार, उदबत्तीची. बाहेर वारा नसताना चार-पाच जणी खोलीत दार लावून थोडा वेळ बसा, मग उदबत्ती लावून खालच्या झरोक्याशी धरा. धूर आतल्या बाजूला झुकला आणि वरच्या झरोक्याशी धरल्यावर बाहेर ओढला गेला, तर तुमची खोली श्वास घेते आहे. दुपारी भिंती तापलेल्या असताना ही परीक्षा फसवते, ती संध्याकाळनंतर करावी.

वादळ आले म्हणजे

विजा चमकत असताना लोखंडी झडपेला, गजांना किंवा नळाला टेकून बसू नका, खोलीच्या मधोमध बसा. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे दामिनी नावाचे ॲप फोनवर असेल तर जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगते. शेतावरच्या माणसांना फोन करायला तेवढा वेळ मिळतो. खोलीत पाण्याची कळशी, बॅटरी, आजोबांची औषधे, बाळाचे दुपटे आणि घराचे कागद असलेली पिशवी आधीच ठेवलेली असावी. आणि धूळ येते म्हणून झरोक्यात चिंध्या कोंबू नका. ओल्या पंच्याचा पडदा समोर धरा, धूळ अडते आणि हवाही गार लागते.

शेवटी एक मनातले. घर बांधताना दिवाणखान्याची फरशी कोणती, दाराला नक्षी कोणती, याची चर्चा घरातले पुरुष आणि कंत्राटदार तासन्‌तास करतात. वादळ येते तेव्हा मात्र ते बहुधा शेतावर, दुकानात किंवा कचेरीत असतात. त्या आतल्या खोलीत मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन बसणारी आपणच असतो. तेव्हा त्या खोलीच्या झडपेविषयी विचारायचा हक्कही आपलाच आहे. नकाशा पुढे आला, की त्यावर बोट ठेवून विचारा, "वादळात आम्ही कुठे बसायचं? आणि तिथं हवा कुठून येणार?" उत्तर मिळेपर्यंत पाया खणू देऊ नका.

पुढच्या वैशाखात वारे सुटेल तेव्हा वाळवणे उडाली तर उडू देत. कुरडया पुन्हा घालता येतात.